दोनशेचा तुकडा

चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, या बाजूला एक भाऊ काठी घेऊन उभा, त्या बाजूला दुसरा, आणि मधात मी. तिथं मोजणीवाल्याचा आवाज बारीक निघाला की संपलं, दोघं मिळून त्यालाच धरतात. म्हणून आवाज चढा ठेवायची सवय लागली. पुढं मी निवृत्त झालो, सवय काही झाली नाही. घरात मला कोणी 'हात लावू नका' म्हटलं की आजही डोकं तापतं.

आणि आमची पोट्टी नेमकं तेच म्हणाली. एप्रिल महिना होता. जयंती होऊन आठवडा झाला होता, दारावरच्या निळ्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. अकोल्याहून तिचा फोन आला. "बाबा, रविवारी येऊन राहिली मी. आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं हाये. तोवर तुमी त्याले हात नका लावू बरं."

"काहून? मी काय खाऊन टाकीन त्याले?"

"तसं नाई बाबा," ती म्हणाली आणि गप्प बसली. आमच्या घरात माझ्याशी बोलताना असं मधातच गप्प बसायची पद्धत आहे. तेव्हा मला वाटायचं, हा मान आहे.

पोरगी अकोल्याला होस्टेलवर राहून शेतकीत पीएच.डी. करत होती. विषय संत्र्याचा डिंक्या. झाडाच्या खोडातून डिंक गळायला लागतो, साल कुजते आणि दोनतीन वर्षांत उभं झाड वाळतं, तो रोग. वरूडकडच्या तीन बागांमधली एकशे वीस झाडं तिनं निवडली होती, आणि चार वर्षं, दर महिन्याला, प्रत्येक झाडाच्या खोडाचे चारी बाजूंनी फोटो काढले होते. शनिवारी दिवसभर बागेत, संध्याकाळी वरूडच्या बसनं अमरावतीला घरी, रात्री कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरमध्ये, आणि रविवार घरी काढून सोमवारी सकाळी अकोला. प्रत्येक फोटोला नाव द्यायची: कोणती बाग, कोणती ओळ, कितवं झाड, कोणती बाजू, कोणता महिना. ते पाहून मला भारी अभिमान वाटायचा. गट नंबर, पोटहिस्सा, सगळं जागच्या जागी. शेवटी रक्त कोणाचं!

माझ्या बापाची नांदगाव खंडेश्वर तालुक्यात वीतभर जमीन नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला. त्याचा पोरगा जिल्ह्याच्या जमिनी मोजायला लागला, आणि त्याची नात आता डॉक्टर होणार होती, झाडांची का होईना. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता. तीनपैकी दोन बागा आता उरल्याही नव्हत्या. मालकांनी कंटाळून जेसीबी लावला, झाडं मुळासकट उपटली आणि तिथं तूर पेरली. म्हणजे ती झाडं आता फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

फक्त आमच्याच कॉम्प्युटरमध्ये का, तर माझ्यामुळे. पोरगी बारावीत असताना मैत्रिणीचा पेन ड्राइव्ह घेऊन आली होती, त्यातून व्हायरस आला आणि माझे सगळे फोल्डर गायब झाले. मी घर डोक्यावर घेतलं. अंगणात फरशीवर तो पेन ड्राइव्ह ठेवला आणि हातोडीनं ठेचला, पोरीच्या समोर. त्या दिवसापासून घरात नियम झाला: पेन ड्राइव्ह आत यायचा नाही, आणि घरचं काही इंटरनेटवर ठेवायचं नाही. आपली चीज आपल्या घरात. कोणी विचारलं तर हा नियम मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

आता लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, कशाला? तर तिच्या सरांनी तिला एक प्रोग्रॅम दिला होता. तो फोटो पाहून खोडावर किती डिंक आहे ते स्वतःच मोजतो. पण तो लिनक्सवरच चालतो, आणि तिच्या इवल्याशा लॅपटॉपला तो झेपत नाही, त्यात एवढे फोटोही मावत नाहीत. घरचा कॉम्प्युटर जुना असला तरी दमदार होता. शिवाय त्यातल्या विंडोजला अपडेट मिळणं बंद झालं होतं. कॉम्प्युटरच्या दुकानवाल्यानं मागंच सांगितलं होतं, "काका, आता याच्यात लिनक्स टाका. फुकट हाये आन् दणकट हाये."

मनात म्हटलं, पोरगी रविवारी येईल, बटण दाबेल, आणि सगळं तयार सापडेल. 'बाबा, तुमी केलं?' म्हणेल. आणि थोडं असंही होतं की 'हात नका लावू' पोटात सलत होतं. साऱ्या तालुक्याच्या हद्दी कायम करणाऱ्या माणसाला एक डबडं हाताळता येत नाही का?

गुरुवारी दुकानवाल्याकडून लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह आणला. हो, पेन ड्राइव्हच. पण कोरा, माझ्यासमोर पाकीट फोडलेला. घरमालकाला नियमातून एवढी सूट असते असं मी धरून चाललो. दुकानवाल्यानं समजावलं, "काका, सी ड्राइव्हमध्ये विंडोज हाये, ते पुसा आन् तिथं लिनक्स टाका. डी ड्राइव्हले धक्का लावू नका, पोरीचे फोटो तिथं हायेत ना?" मी म्हटलं, तेवढं मला समजते.

शुक्रवारी जेवण झाल्यावर बसलो. आधी कामाच्या शिस्तीप्रमाणे टिपण केलं. मोजणीला जाताना जागेचा कच्चा नकाशा काढतात, ते टिपण. विंडोजमध्ये पाहिलं: सी दोनशे जीबी, डी एकशे शहाऐंशी. कागदावर पट्टीनं दोन तुकडे आखले, आत क्षेत्रफळ लिहिलं, सी वर फुली मारली, डी वर 'कायम' लिहिलं, खाली तारीख आणि सही. मग पेन ड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटर परत सुरू केला.

खरं सांगतो, तिथूनच मला भीती वाटायला लागली होती. पण भीती कबूल करायची सवय नव्हती, म्हणून मी तिला उकाडा म्हणत होतो. कूलर चालू असून पाठीवरून घाम वाहत होता. दोन वाजताचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली. मधातच लाईट गेली तर? एकदा पंखा मंदावला, मग परत फिरायला लागला.

पडद्यावर इंग्रजीत विचारलं, कसं टाकायचं? पहिला पर्याय, विंडोजच्या शेजारी. दुसरा, सगळी डिस्क पुसून. 'पुसून' वाचलं आणि माउसवरचा हातच मागे घेतला, चुकून दाबला जाऊ नये म्हणून. तिसरा पर्याय होता, मी स्वतः ठरवतो. तोच घेतला.

मग यादी आली, आणि मी चक्रावलो. तिथं सी नाही, डी नाही. नुसते नंबर. सुरुवातीला एक चिल्लर तुकडा, त्याच्याखाली दोनशे पंधराचा एक, आणि त्याच्याखाली दोनशेचा एक.

मी टिपण समोर धरलं. माझ्याकडे दोनशे आणि एकशे शहाऐंशी. इथं दोनशे पंधरा आणि दोनशे. एकशे शहाऐंशी कुठंच नाही!

इथं कोणताही शहाणा माणूस थांबला असता आणि फोन केला असता. पण मी मोजणीवाला. असा घोळ मी हजार वेळा पाहिलेला. जुना कागद आणि आजची जागा कधीच पूर्ण जुळत नाही. अशा वेळी आमचा कायदा एकच: नंबरावर जाऊ नका, नंबर बदलतात, माणसं खोटं सांगतात, धुरे सरकतात. जो एक तुकडा कागदाशी तंतोतंत जुळतो, तो पक्का धरा आणि बाकीचे त्याच्यावरून काढा. या कायद्यावर मी अख्खी नोकरी काढली, एकही मोजणी अपिलात पडली नाही. इथं तंतोतंत काय जुळत होतं? दोनशे. कागदावर दोनशे, पडद्यावर दोनशे. म्हणजे हाच सी. मग तो दोनशे पंधरावाला डी, त्याचं क्षेत्र वाढीव दिसतं, असेल काही कारण.

दोनशेवर खूण केली. 'हा तुकडा कोरा करा' यावर टिचकी मारली. पुढं एक चौकट आली: आता केलेले बदल डिस्कवर लिहिले जातील, मागे घेता येणार नाहीत. चालू ठेवू?

टिपण परत पाहिलं. दोनशे. पडदा पाहिला. दोनशे. एवढ्यात बायको दारात आली, हाताला कुरडयांचा चीक लागलेला. "अहो, मी काय म्हनत होती, पोट्टीले एकदा फोन लावून विचारलं असतं तं..."

"आता नाही!" मी असा ओरडलो की माझ्याच कानात आवाज घुमला. "कामाच्या वक्ती मधात बोलायचं नाही, कितीदा सांगितलं?"

ती गेली. मी बटण दाबलं.

पंचवीस मिनिटं लागली. लाईट गेली नाही. पडद्यावर एक पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि लिहून आलं, झालं, आता परत सुरू करा. मला एवढं हायसं वाटलं की मी एकटाच मोठ्यानं हसलो. अरे वा! साठी उलटली तरी चालतं म्हणा डोकं. पेन ड्राइव्ह काढला, परत सुरू केला.

सुरू होताना काळ्या पडद्यावर चारपाच ओळी आल्या, कोणतं चालवायचं ते निवडा. पहिली ओळ लिनक्सची. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: विंडोज.

मी ती ओळ वाचली. परत वाचली. विंडोज तर मी पुसलं होतं. मग ते इथं कसं?

कधीकधी माणसाला उत्तर आधी समजतं आणि तरी तो न समजल्यासारखं करतो. मी ती खालची ओळ निवडली. विंडोज सुरू झालं. नेहमीसारखं, काही न झाल्यासारखं, वर आमचा तिघांचा फोटो लावलेला. ड्राइव्हची यादी उघडली. सी होता. दोनशे.

डी नव्हता.

यादी बंद केली, उघडली, परत बंद केली, परत उघडली. मग काय सुचलं कोण जाणे, भिंतीतली पिनच उपटली. कूलर मात्र घरघर करत राहिला. मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून 'नाई, नाई, नाई' एवढंच पुटपुटत होतो.

बायकोनं आतून विचारलं, "काय झालं जी?"

"काही नाही झालं!" मी खेकसलो. माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

ते डबडं चादरीत गुंडाळलं, स्कूटरवर पायांच्या मधात ठेवलं आणि तसाच उन्हात दुकानवाल्याकडे गेलो. त्यानं माझं टिपण पाहिलं. मी त्याला पडद्यावरचे आकडे सांगितले. त्यानं कपाळाला हात लावला.

"काका, विंडोज हजार चोवीसच्या हिशोबानं जीबी मोजते आन् हे लिनक्स हजाराच्या, म्हून त्याचा जीबी मोठा, याचा लहान. जागा तेच हाये, माप वेगळं. तुमचे एकशे शहाऐंशी म्हंजे याचे दोनशे. आन् तुमचे दोनशे म्हंजे याचे दोनशे पंधरा. एकर आन् हेक्टरचा फरक असते ना, तसं."

एकर आणि हेक्टर! हे मला सांगत होता तो. नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्याच दिवशी दम देत असे की आकडा वाचायच्या आधी त्याचं माप वाच. आणि मी स्वतः काय केलं? शरम वाटली, पण शरमेला त्या वेळी मनात जागाच नव्हती, सगळी जागा भीतीनं खाल्ली होती.

"परत येतील का रे फोटो?"

"बरेच येतील वाटते. पन काका, नावं येनार नाईत. नुसते फोटो येतील, एकाखाली एक, कोनता कुठला समजनार नाई. आन् जेवढ्या जागेवर लिनक्स बसलं तेवढे गेलेच."

मी मनातल्या मनात मोजलं. एकशे वीस झाडं, चार बाजू, अठ्ठेचाळीस महिने. तेवीस हजार फोटो, खोडांचे. सगळी खोडं तपकिरी, सगळ्यांवर डिंक. नाव नसेल तर ते कोणत्या बागेचं कोणतं झाड, हे ती झाडं लावणारा मालकही सांगू शकणार नाही. आणि परत जाऊन पाहावं तर तिथं तुरीची धसकटं.

दुकानवाला म्हणाला, चालू करू नका, इथंच ठेवून जा, मी उद्यापासून लागतो. मी ते त्याच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आलो.

रात्री आठला नेहमीप्रमाणे पोरीला फोन लावला. सांगायचं ठरवलं होतं. तिनं उचलला, "हाव बाबा," म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघालं, "जेवली का?" ती म्हणाली, जेवली. मी म्हटलं, बरं, आणि ठेवून दिला. जेवणावर मन नव्हतं. ताट तसंच सारलं. बायको दोनदा दारापर्यंत आली, उभी राहिली, ओठ हलल्यासारखे झाले आणि परत गेली. तिला एवढंच सांगितलं होतं की कॉम्प्युटर बिघडला, उद्या मी अकोल्याला जातो. का जातो, तिनं विचारलं नाही.

फोनवर सांगायची हिंमत का झाली नाही? पोरगी रागवेल म्हणून नाही. रागावली असती तर मी पाय धरले असते. मला भलतीच भीती होती. चार वर्षांचं काम एका दुपारी गेलं हे समजल्यावर एकट्या होस्टेलच्या खोलीत पोरगी काय करून घेईल? पेपरात आपण वाचतो, शिकलेली पोरं काय काय करून घेतात. आत्तापर्यंत वाचलेली प्रत्येक बातमी त्या रात्री आठवली. हे तिला समजेल तेव्हा मी तिच्याजवळ पाहिजे, तिचा हात माझ्या हातात पाहिजे. एवढंच एक पक्कं होतं.

सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही. सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत होतो. 'बेटा, एक गोष्ट झाली.' नको, घाबरेल. 'फोटो परत येतात म्हणे.' नको, खोटी आशा. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं, इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. रविवारी ती घरी येईल, स्वतःच पाहील, मी म्हणेन व्हायरस आला. असा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू. पाय उचललासुद्धा होता. गाडी हलली म्हणून बसून राहिलो.

होस्टेलच्या फाटकावर नाव सांगितलं. पुरुषांना आत सोडत नाहीत. कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथं बसायला सांगितलं. पोरगी जवळजवळ पळतच आली, केस ओले, पायात दोन वेगळ्या चपला.

"बाबा? आई बरी हाये ना?"

"बरी हाये. बस."

ती बसली. मी तिचा हात धरला. शेवटचा कधी धरला होता आठवत नाही. तिनं हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती आणखीच घाबरली.

जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "तू हात नका लावू म्हटलं होतं. मी लावला. डी पुसला गेला माझ्या हातून. सगळे फोटो गेले बेटा. माझी चूक झाली. तुले काय बोलायचं ते बोल, मार मले, पण..." चारचौघांत, फाटकावरच्या माणसासमोर, मी रडत होतो.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. हेच, म्हटलं, याचीच भीती होती. मी हात घट्ट धरला. ती जमिनीकडे पाहत राहिली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुमी रागावसान नाई ना?"

मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. "मी रागावू? मी?"

"नाई, आदी सांगा. रागावनार नाई."

"नाही रागावणार."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "माझ्यापाशी हायेत," ती शेवटी म्हणाली. "फोटो. सगळे हायेत, नावासकट. पयल्या महिन्यापासून मी पेन ड्राइव्हवर घेत होती. तुमी रविवारी सकाळी फिरायले जात ना, तवा. इथं सरांच्या कॉम्प्युटरवर बी ठेवले हायेत." आणि घाईघाईनं, मी काही बोलायच्या आत: "चुकलं माझं बाबा. तुमी नाई म्हनलं होतं, तरी केलं मी. पुन्हा नाई करनार."

सगळे आहेत. मला ऐकू आलं. उठून नाचावं असं ते होतं, आणि क्षणभर जीव खरंच भांड्यात पडला. पण मी पाहत होतो तिच्याकडे. तीस वर्षांची बाई, दोन महिन्यांत प्रबंध देणार, आणि चोरी पकडल्यासारखी मान खाली घालून बसली होती. मी तिचं सगळं बुडवून आलो होतो, आणि माफी ती मागत होती. काल दुपारपासून मी जेवढा भीत होतो, त्याच्याहून जास्त ती आत्ता भीत होती. आणि कशाला? मला चांगली बातमी सांगायला. चार वर्षं ती घरी आली की रविवारी सकाळी माझी चाहूल घेत, कान दारावर ठेवून, स्वतःचेच फोटो चोरत होती.

"सांगितलं काहून नाही मले?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

तिनं ओढणीचं टोक परत बोटाला गुंडाळलं.

"घरात पेन ड्राइव्ह ठेवत कुठं होती?"

"आईले नका बोलू. मीच तिले सांगितलं होतं लपवाले. ज्वारीच्या डब्यात ठेवत जाय ती."

म्हणजे बायकोला माहीत होतं. काल डबडं चादरीत गुंडाळताना तिनं पाहिलं होतं, ताट सारताना पाहिलं होतं, रात्रभर कूस बदलताना पाहिलं होतं. एका वाक्यात तिनं मला सोडवलं असतं. दोनदा दारापर्यंत आली होती ती.

मी खिशातून फोन काढला आणि तिला लावला. "तुले माहीत होतं? पेन ड्राइव्हचं?"

ती म्हणाली, "तिले रागावले तं नाई ना तुमी?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही रागावलो."

"फोन द्या तिच्यापाशी," ती म्हणाली.

मी फोन दिला. पोरगी बाकावरून उठली, झाडाच्या पलीकडे गेली, माझ्याकडे पाठ केली, फोनवर तळहात आडवा धरला, आणि तरीही मला ऐकू आलं. "नाई आई," ती हळूच म्हणत होती, "खरंच नाई रागावले. नाई, मारलं बी नाई. मीच सांगून राहिली ना तुले."